विषय क्रमांक चार

नाना पेठेतल्या शाळेच्या हॉलमध्ये
फलकावर लिहिलं होतं : सर्वधर्मीय सौहर्द इफ्तार.
'हा'चा काना राहिला होता.
छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात मसुदे तपासले,
डोळा आधी चुकीवरच जातो.

शेजारी बसलेल्या कमरुद्दीन तांबोळीला म्हटलं, काना राहिलाय.
तो म्हणाला, राहू दे की रे,
आज सगळेच उपाशी आहेत, शब्दसुद्धा.

मी उपाशी नव्हतो.
निघताना पोहे खाऊन आलो होतो
आणि ते सांगायची सोय नव्हती,
कारण समोर नऊ-दहा वर्षांचा एक पोरगा
आयुष्यातला पहिला रोजा धरून
तळहातावरच्या खजुराकडे न बघता
फक्त घड्याळाकडे बघत होता.

मंचावर निवृत्त न्यायाधीश बाई
कलम पंधरा वाचून दाखवत होत्या, सावकाश,
किराण्याची यादी वाचावी तसं :
दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव,
स्नानाचे घाट, रस्ते…
मी कान देऊन ऐकत होतो.
त्या यादीत फ्लॅट नव्हता.
मला बरं वाटलं.
मग बरं वाटल्याचं फार वाईट वाटलं.

आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी मीच.
गेल्या वर्षी, परचुऱ्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट,
तिसरा मजला, भाड्याने द्यायचा होता.
कमरुद्दीनची तहसीन आमच्या मागच्याच
हॉस्पिटलात लोकांचे गुडघे चालते करते,
ती ॲडव्हान्सचा चेक घेऊन आली होती.
माझ्याच घरी चहा प्यायली.
सभेत चाळीस मिनिटं गेली.
कोण काय बोललं ते मला अक्षरशः आठवतं,
मी काय बोललो नाही तेही.
शेवटी अध्यक्ष म्हणाले, हे लिहू नका हो.
मी लिहिलं :
विषय क्रमांक चार. चर्चा झाली.
आणि विषय पाच, टाकीची सफाई,
त्याला सहा ओळी दिल्या,
ब्लीचिंग पावडरच्या भावासकट.

सहा सत्तेचाळीस.
बाईंनी वाक्य अर्धंच सोडून माइक खाली ठेवला.
इतकी शांतता मी कुठल्या सभेत ऐकली नाही.
मग अजान, मग बिया टाकायच्या वाट्यांचा आवाज,
पपईच्या फोडी, कांदाभजी, गुलाबी सरबत,
आणि तहसीन जग घेऊन रांगेतून येताना.
काका, अर्धाच ग्लास का?
एवढंच म्हणाली.
कमरुद्दीन भजं मोडता मोडता म्हणाला,
कोंढव्याहून तिला आता दोन बसा बदलाव्या लागतात.
पाऊसपाण्याविषयी बोलावं तसं म्हणाला.
मी भजं तोंडात ठेवलं आणि
बराच वेळ चावत राहिलो.

पोटात पडल्यावर त्या पोराला हुशारी आली.
माझ्या खिशातलं पेन मागून
तो बाकावर चढला आणि फलकावर
ठसठशीत काना काढून आला :
सौहर्दा.
आता दोन चुका झाल्या होत्या.
त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं.
छान, मी म्हटलं.
उभ्या जन्मात पहिल्यांदा
चुकीच्या काढलेल्या अक्षराला छान म्हटलं.

रात्री इतिवृत्ताची वही उघडली.
'चर्चा झाली'च्या पुढे
बोटभर जागा आहे, पण तिथे लिहिता येत नाही,
खाली 'वाचून कायम केले' आणि सात सह्या.
पहिली माझी, वळणदार.
नियम मला पाठ आहेत.
रविवारच्या सभेची नोटीस लिहायला घेतली.
विषय क्रमांक एक :
मागील इतिवृत्तात राहून गेलेला मजकूर.
काना, मात्रा, वेलांटी, सगळं तपासलं.
बायकोनं आतून विचारलं, जेवायचंय ना?
म्हटलं, थांब जरा.

सही करायची राहिली आहे.
नोटीस टेबलावर आहे, पंखा बंद केलाय,
उडू नये म्हणून.